परवडत नाही म्हणून मांजर मरू नये

महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात एक टेबल असतं. ओपीडीच्या गर्दीत ते पटकन सापडत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत असा माणूस आधी सिस्टरना विचारतो, मग वॉर्डातल्या मामांना, मग एखाद्या डॉक्टरला, आणि विचारत विचारत एकदाचा तिथे येऊन पोचतो. वैद्यकीय समाजसेविका म्हणून माझी सगळी नोकरी त्या टेबलामागे झाली. रेशनकार्ड पिवळं आहे की केशरी, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा आहे ना, डॉक्टरांनी खर्चाचा अंदाज सही-शिक्क्यानिशी लिहून दिलाय ना, हे बघायचं. आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसला तर ठीक. नाही बसला तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी, सिद्धिविनायक न्यास, टाटा ट्रस्ट, एखाद्या ज्ञातीचा जुना धर्मादाय फंड, अशी एकेक दारं ठोठावायची. सगळ्यांचं काम झालं असं मी म्हणणार नाही. पण पैसे नसताना आजारी पडलात कशाला, असं त्या टेबलावर कोणी कोणाला विचारलं नाही.

मांजर घेऊन दवाखान्यात गेलेल्या माणसाला मात्र हे सर्रास विचारतात. ‘परवडत नाही तर पाळता कशाला?’ कधी शेजारी विचारतात, कधी घरचेच, कधी काउंटरपलीकडचं माणूस. हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. तो ऐकून मान खाली घालणारी माणसं मी बघितली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्यावर एक बाई राहते. चार घरी पोळ्या करते. नवरा गेला, मुलगी सासरी. तिच्याकडे बंड्या नावाचा पिवळा बोका आहे. तिने तो ‘पाळायला’ आणलेला नाही. एका पावसाळ्यात मीटरच्या पेटीखाली भिजून पडलेलं पिल्लू होतं, तिने त्याला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून घरात घेतलं, आणि मग ते तिथलंच झालं. तिच्या खोलीतले उंदीर गेले, धान्याचे डबे शाबूत राहिले. संध्याकाळी दार उघडलं की कोणीतरी पायात येतं, हे तिला हवंसं झालं. आपल्याकडची बहुतेक मांजरं अशीच येतात. हजारो रुपये मोजून पर्शियन मांजर घेणारे लोक आहेत, पण दवाखान्याच्या बाकावर खर्चाच्या काळजीने बसलेले लोक बहुतकरून ते नसतात.

मध्यंतरी हा बंड्या सारखा मोरीत जाऊन बसू लागला. कमरेतून वाकायचा, जोर करायचा, उठायचा, दोन पावलं जाऊन परत येऊन बसायचा. मधूनच खालच्या अंगाला चाटायचा. घरी सगळ्यांना वाटलं पोट साफ होत नाही. कोणी एरंडेल सुचवलं, कोणी दूध-तूप. मी खाली गेले तेव्हा मोरीची फरशी पार कोरडी होती, आणि बोका अशा आवाजात ओरडत होता की तसा आवाज मी त्याचा आधी ऐकला नव्हता.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे, चिकट स्राव अडकला किंवा तो मार्गच आकसला, की लघवी तुंबते. मूत्रपिंडांवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्याने हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांचा खेळ असतो. बोका मोरीत किंवा वाळूत पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नये. घरात बोका असलेल्या प्रत्येकाला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

आम्ही त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. प्लॅस्टिकच्या टोपलीवर दुसरी टोपली उपडी घालून सुतळीने करकचून बांधलेली. डॉक्टरांनी पोट चाचपलं. मूत्राशय मोसंबीएवढं फुगून दगडासारखं घट्ट झालं होतं. मग अंदाज लिहून मिळाला: भूल, कॅथेटर, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सलाईन, तीन दिवस भरती. बेरीज अठरा ते बावीस हजार, आणि निम्मे आधी भरायचे. तिच्या चार घरांचा महिन्याचा पगार एकत्र केला तरी तेवढा होत नाही. तिने कागद नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, “बरं, उद्या येते.”

हे ‘उद्या येते’ माझ्या फार ओळखीचं आहे. ‘घरी विचारून सांगते’, ‘मुलाशी बोलते’, ‘दोन दिवस बघू, फरक पडतो का’. माझ्या टेबलाशी येण्याआधी लोक डॉक्टरांपुढे हेच बोलून आलेले असत. पैसे नाहीत हे दोन शब्द तोंडातून काढणं माणसाला किती जड जातं, ते मी रोज बघितलं. डॉक्टरला वाटतं पेशंट निष्काळजी आहे. पेशंटला वाटतं डॉक्टरला आपली किंमत कळली. दोघांच्या मधे एक गोष्ट बोलायची राहून जाते, आणि माणसाच्या बाबतीत ती पुढे कोणीतरी बोलून घेतं. मांजराच्या बाबतीत कोणीच नसतं. टोपली उचलून माणूस घरी जातो आणि मांजर रात्रीत संपतं.

मी डॉक्टरांना विचारलं, “तीन दिवस भरती यांना झेपणार नाही. आज फक्त अडथळा काढून, सलाईन देऊन घरी नेता येईल का? त्यात धोका किती?” ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, करता येईल. भरती ठेवण्याइतकं सुरक्षित नाही, पुन्हा तुंबू शकतं, घरी लक्ष ठेवावं लागेल, आणि रक्ताची एक तपासणी तरी मी सोडणार नाही. खर्च साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला. तिने संमतीच्या कागदावर सही केली, मालकिणीकडून पगाराची उचल घेतली, थोडे भिशीतले काढले. पुढची इंजेक्शनं आणि तपासणी परळच्या जनावरांच्या रुग्णालयात केसपेपर काढून झाली. बंड्या वाचला. हे दुखणं उलटणारं असतं, ते तिला नीट समजावून सांगितलं आहे.

माझं म्हणणं या प्रसंगाच्या पोटात आहे. तो स्वस्त मार्ग डॉक्टरांना ठाऊक होता. पण कोणी विचारल्याशिवाय तो टेबलावर आला नाही. पशुवैद्यकाने सगळ्यात उत्तम उपचार सांगावा हे बरोबरच आहे, पण त्याच्या खाली दुसरी पायरी आहे, तिसरी आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. प्रत्येक पायरीचा खर्च आणि धोका दोन्ही उघड सांगून. उत्तम उपचार किंवा काहीच नाही, अशी निवड पुढे ठेवली की गरीब माणूस ‘काहीच नाही’ निवडतो, कारण त्याला निवड नसतेच.

हे भलतंसलतं सुचवणं नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१० साली नेमक्या याच दुखण्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीचा उपचार मालकांना परवडत नव्हता, अशा तुंबलेल्या १५ बोक्यांना त्यांनी कॅथेटर न घालता वागवलं: वेदनाशामक आणि गुंगीची औषधं, सुईने मूत्राशय रिकामं करणं आणि शांत, अंधारी जागा. १५ पैकी ११ बोके मोकळे झाले. चौघांचं जमलं नाही, आणि पंधरांचा प्रयोग लहानच म्हणायचा. पण उपचार परवडत नाही म्हणजे मारून टाकणं एवढंच उरतं, या समजुतीला त्या पशुवैद्यकांनी धक्का दिला. हा उपाय डॉक्टरांच्या हातूनच व्हायचा आहे, घरी कोणी करून बघायचा नाही. मुद्दा इतकाच की कमी पैशात काय करता येईल, हाही वैद्यकशास्त्राचाच प्रश्न आहे.

आता डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांना खलनायक करून काही साधत नाही. बी.व्ही.एस्सी. साडेपाच वर्षांची. नंतर मुंबईत गाळ्याचं भाडं, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या यंत्रांचे हप्ते, मदतनिसांचे पगार. माणसांच्या डॉक्टरमागे विमा कंपन्या, सरकारी योजना, कंपनीची मेडिक्लेम उभी असते. पशुवैद्याच्या बिलामागे फक्त समोरच्या माणसाचं पाकीट. कुत्र्यांचा विमा आपल्याकडे बऱ्यापैकी जुना आहे, मांजरांच्या पॉलिसी आत्ता कुठे येताहेत, आणि आधीपासूनचं दुखणं कुठलीच पॉलिसी सहसा घेत नाही. शिवाय मांजर दाखल करून परत न्यायलाच न येणारे, बिल बुडवणारे लोक डॉक्टरांनी बघितलेले असतात. एकट्या डॉक्टरने सगळ्यांना सवलत द्यावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणूनच हा भार एकेकट्यावर न टाकता व्यवस्थेने उचलायला हवा.

आणि तशी व्यवस्था या शहराला नवी नाही. १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी सर जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पांजरापोळ काढली. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या आणि त्याच साली प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारी संस्था उभी राहिली. १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचं रुग्णालय निघालं. आम्ही लहानपणापासून त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणत आलो. १८८६ पासून शेजारीच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे ज्या काळात या शहरात माणसांसाठीसुद्धा पुरेसे दवाखाने नव्हते, त्या काळात ओझ्याने खचलेल्या बैलाची आणि पाय मोडलेल्या घोड्याची सोय करणं ही समाजाची जबाबदारी आहे, असं धनवंतांना वाटलं. टाटा ट्रस्टने महालक्ष्मीला १६५ कोटी रुपये खर्चून लहान प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय २०२४ च्या जुलैत सुरू केलं, तेही त्याच परंपरेतलं. पण एवढी मोठी मुंबई आणि तिची उपनगरं. कळव्याहून किंवा विरारहून तुंबलेला बोका घेऊन लोकलच्या गर्दीतून परळ-महालक्ष्मीला येणं कोणाला शक्य आहे? आणि मुंबईबाहेर काय?

मुंबईबाहेरची गोष्ट माझ्या बहिणीने अनुभवली. ती सिंधुदुर्गात असते. मांजरीच्या पायाला तारेचा फास बसून जखम चिघळली. ती मांजरीला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. तिथला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “ताई, आम्ही गुरं-ढोरं बघतो. मांजराचं औषध इथे येतच नाही.” सुया गुरांच्या मापाच्या, भुलीचं औषध गुरांच्या हिशोबाने आलेलं. शेवटी त्याने जखम धुऊन दिली आणि कुडाळला खासगीत जा म्हणाला.

या उत्तराच्या मागे एक कारण आहे. २५ ऑक्टोबर २०२४ ला देशाची एकविसावी पशुगणना सुरू झाली. तिच्या यादीत गाय, म्हैस, मिथुन, याक, शेळी, मेंढी, डुक्कर, उंट, घोडा, तट्टू, खेचर, गाढव, कुत्रा, ससा आणि हत्ती एवढे आहेत, शिवाय कोंबड्या-बदकं. मांजर नाही. घरटी फिरणाऱ्या प्रगणकाने तुमच्याकडे ससा आहे का विचारलं असेल, आणि ओटीवर निजलेल्या मांजराकडे बघून तो पुढे गेला असेल. मला नोकरीत एक गोष्ट पक्की कळली: ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. किती मांजरं आहेत हेच सरकारदरबारी लिहिलेलं नसेल, तर तालुक्याच्या दवाखान्यात त्यांच्या मापाची सुई कुठल्या हिशोबाने येणार? राज्यभर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत, १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची सोय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जिथे शिकणाऱ्या मुलांना मांजराचे पेशंट मिळाले तर हवेच आहेत. यंत्रणा उभी आहे. तिच्यात मांजराला जागा करायची आहे. गाय दूध देते म्हणून तिच्यासाठी सरकारी दवाखाना हे मला मान्यच आहे. पण ज्या घरात गाय ठेवायला जागा आणि पैसा नाही, त्या घरात मांजर असतं, आणि ते घर गाय असलेल्या घरापेक्षा श्रीमंत नसतं.

माणसांच्या बाबतीत आपण एक चांगला नियम केला आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं ४१ एए हे कलम आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांच्या आधारे हे चालतं. बिलाची २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. ही योजना राबवून घेण्यासाठी किती भांडावं लागतं ते मी भांडलेली बाई म्हणून सांगू शकते. तरी त्या दोन टक्क्यांनी माझ्यासमोर माणसं वाचली आहेत. न्यासाने चालवलेल्या प्राण्यांच्या रुग्णालयांनी असाच एक निधी स्वतंत्र खात्यात ठेवावा, आणि तो कोणाला मिळतो याचा नियम भिंतीवर लावावा. खासगी दवाखान्यांवर सक्ती नको. पण ज्यांना परवडतं त्यांना बिल भरताना पन्नास-शंभर रुपये या निधीत टाकाल का, एवढं विचारलं तरी पुष्कळ लोक देतील. आपल्या मांजराला औषध मिळालंय, त्या घटकेला माणसाचा हात सैल असतो.

आणि न्यासाच्या अशा रुग्णालयांत एक समाजसेवक बसवावा. ही मागणी मी सगळ्यात वर ठेवेन. निधी असून उपयोग नाही, जर तो कोणाला द्यायचा हे ठरवायचं काम पशुवैद्याच्याच गळ्यात पडणार असेल. त्याने तपासायचं, आणि त्यानेच रेशनकार्ड मागायचं? समोरच्या माणसाचं ऐकून घेणं, कागद बघणं, खोटं-खरं पारखणं, दात्यांना पत्र लिहिणं हा वेगळा धंदा आहे आणि तो शिकून येतो. निवृत्त झालेल्या, हातपाय चालणाऱ्या आमच्यासारख्या कितीतरी जणी या शहरात आहेत. आठवड्यातले दोन दिवस मानधनाशिवाय बसायला त्या तयार होतील.

‘इथे माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराचं काय घेऊन बसलात?’ हे मला हटकून विचारलं जाणार आहे. माझं आयुष्य माणसांसाठी पैसे गोळा करण्यात गेलं, म्हणून यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. मांजरावर खर्च न झालेला रुपया उठून कॅन्सरच्या पेशंटकडे गेल्याचं मी बघितलं नाही. उलट माझ्या टेबलावर नेमाने पाकीट आणून देणाऱ्यांत गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना खायला घालणारे पुष्कळ होते. आणि दवाखान्याच्या बाकावर मांजर एकटं बसलेलं नसतं. त्याच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो, जो त्याच्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकायचा विचार करत असतो. मी ज्यांच्या अर्जावर सह्या केल्या, तोच हा माणूस.

मदत मिळत नाही तेव्हा लोक काय करतात, तेही सांगितलं पाहिजे. ते मेडिकलच्या दुकानात जातात. ताप दिसतो म्हणून अर्धी क्रोसिन दुधात कालवून पाजतात. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. त्याचं यकृत ते पचवू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. अर्ध्या गोळीने मांजर मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचं मानेवर टाकायचं औषध उरलंय म्हणून मांजरावर टाकतात. त्यात परमेथ्रिन असेल तर झटके येऊन मांजर जाऊ शकतं. मांजर दोन-तीन दिवस खात नसेल तर ‘रुसलंय’ म्हणून सोडून देतात, आणि तेवढ्यात त्याच्या यकृतात चरबी साठून दुसराच आजार उभा राहतो. पिल्लांमधला पॅनल्युकोपेनिया तर घरची सगळी पिल्लं एका आठवड्यात नेऊ शकतो. त्याची तिहेरी लस खासगीत हजाराच्या आसपास पडते, आणि आजार झाल्यावर सलाईनचे दिवस त्याच्या कितीतरी पट. ही लस सरकारी दवाखान्यात नाममात्र दरात मिळाली, तर पुढची मदत मागायची वेळच बऱ्याच घरांवर येणार नाही.

काही जण आजारी मांजर रात्री मच्छी मार्केटजवळ सोडून येतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. हा दंड वाढवा अशी ओरड नेहमी होते. वाढवा. पण सोडून देणाऱ्यांतले निदान काही जण तरी असे असतात, ज्यांना जाण्यासारखी दुसरी जागा कोणी दाखवलीच नव्हती.

ऑनलाइन वर्गणीचा मार्ग अलीकडे खूप वापरतात. मिलाप, केट्टो अशा ठिकाणी मांजरांसाठीही पैसे जमतात. त्यात फसवणूकही होते, एकाच मांजराचा फोटो तीन नावांनी फिरतो. आमच्या ऑफिसात नियम होता की मदतीचा चेक रुग्णाच्या नावाने निघत नाही, रुग्णालयाच्या नावाने निघतो. तोच नियम इथे पाळा. मागणाऱ्याने डॉक्टरच्या लेटरहेडवरचा, नोंदणी क्रमांक असलेला खर्चाचा अंदाज लावावा, आणि पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात किंवा क्यूआर कोडवर जावेत. देणाऱ्यानेही दवाखान्यात एक फोन करून मांजर खरंच तिथे आहे का विचारावं. यात कोणाचा अपमान नाही. खऱ्या गरजूला याचा फायदाच होतो.

कधी कधी काहीच करता येत नाही, हेही खरं. म्हातारं मांजर, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, अन्न सुटलेलं. तेव्हा नोंदणीकृत पशुवैद्याच्या हातून, भूल देऊन, त्रासाशिवाय त्याला जाऊ देणं हीसुद्धा मदतच आहे, आणि तीही पैशांअभावी नाकारली जाऊ नये. त्या दिवशी निर्णय घेणाऱ्या माणसाला ‘आणखी थोडा खर्च केला असता तर’ असं कृपा करून कोणी ऐकवू नये.

दवाखान्यात जाताना काय बोलायचं, हे मला आता चाळीत लोक विचारतात. मी सांगते, तपासणीच्या आधी बोला, बिल हातात पडल्यावर नाही. आवाज बारीक करू नका. असं म्हणा: “डॉक्टर, माझ्याकडे आज चार हजार आहेत, महिनाअखेर आणखी दोन होतील. एवढ्यात याच्यासाठी सगळ्यात गरजेचं काय आहे ते आधी करा. कुठली तपासणी थांबू शकते, कुठली नाही? हेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मिळतं का? इंजेक्शन रोज इथे घ्यायचं की घरी गोळी चालेल? आणि तुमच्याकडे झालं नाही तर परळला किंवा कॉलेजच्या दवाखान्यात नेण्यासाठी चिठ्ठी द्याल का, आत्तापर्यंत काय दिलंय ते लिहून?”